खालच्या नळीचे खरे माप

मी, खाली सही करणारा, वय वर्षे शहात्तर, विधुर, बंदुकीच्या नळ्या आतून घासून त्यांचे तोंड बेताचे करून देण्याचा धंदा सत्तेचाळीस वर्षे केलेला, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र शुद्धीवर राहून स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणायला म्हणूनसुद्धा कोणी माझ्याकडे फिरकत नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दातांच्या डॉक्टरांनी दिला आहे, कारण माझ्या गिऱ्हाइकांपैकी डॉक्टर म्हणवणारे तेवढेच हयात आहेत. वकीलबाईंनी नाक मुरडले. मी म्हटले, बाई, दातापासून डोके असे किती लांब आहे?

वकीलबाईंनी दिलेला छापील नमुना मी परत केला. त्यात "मालमत्तेचे विवरण" या सदराखाली चार ओळींची जागा सोडली होती. माझी मालमत्ता चार ओळींत मावेल, पण मी मावणार नाही.

कलम १. घर. खाली कारखाना आणि वर दोन खोल्या, असे हे घर माझ्या एकुलत्या एक मुलीला द्यावे. ती परगावी चष्म्याची भिंगे घासण्याच्या कारखान्यात कामाला आहे आणि वर्षातून दोनदा, दोन दिवसांसाठी येते. तिला सूचना: स्वयंपाकघरातला नळ उजवीकडे नव्हे, डावीकडे फिरवून बंद होतो. जिन्याची चौथी पायरी सैल आहे. दारावरची घंटा बिघडलेली नाही, ती मीच काढून ठेवली आहे. वाजवणारे सगळे काहीतरी फुकट करून मागायला येत होते.

कलम २. बँकेत जे काही निघेल त्यातून विजेचे शेवटचे बिल आणि माझ्या अंत्यविधीचा खर्च भागवावा. उरेल ते मुलीचे. अंत्यविधीला नेमबाजी क्लबच्या कोणीही भाषण करू नये. केल्यास त्याला मध्येच थांबवावे, मी जिवंत असतो तर थांबवलेच असते.

कलम ३. लेथ. तंत्रशाळेला द्यावा. अट एकच, त्यावर माझ्या नावाची पाटी लावू नये. पाटी लावली की लोक यंत्र पुसतात, तेल घालत नाहीत.

कलम ४. नेमबाजी क्लबला काही देऊ नये. कारण नोंदवून ठेवतो.

इथे वकीलबाईंसाठी चार ओळी, कारण त्यांनी बंदूक फक्त पुराव्याच्या टेबलावर पाहिली आहे. मातीची तबकडी यंत्राने हवेत फेकतात आणि नेमबाज ती छर्ऱ्यांच्या बंदुकीने फोडतो. बंदुकीला दोन नळ्या, एकीवर एक. तबकड्या जोडीने येतात, पहिलीला खालच्या नळीचा बार, दुसरीला वरच्या. नळीचे तोंड आतून किंचित आवळलेले असते, त्याला चोक म्हणतात. चोक आवळ असला की छर्रे एकवटून लांब जातात. सैल असला की लवकर पसरतात. वीस मीटरवर आवळ नळीचा पसारा ताटाएवढा, तर सैल नळीचा मोटारीच्या चाकाएवढा. आडवी पळणारी तबकडी त्यात सापडायची, तर ताट बरे की चाक, हे शेंबडे पोरही सांगेल. मला मात्र सांगता आले नाही. ते पुढे येईल.

तर क्लब. तिथल्या पहिल्या अठ्ठावीस बंदुकांची तोंडे मी केली. हाताने. एकेक केसाएवढे पोलाद काढायचे, बार काढून पाहायचा, पुन्हा काढायचे. जास्त निघाले तर संपले, निघालेले पोलाद परत बसवता येत नाही. मग पेचाचे चोक आले. नळीच्या तोंडाला आटे पाडायचे आणि डबीतला हवा तो तुकडा फिरवून बसवायचा. आवळ पाहिजे? हा घ्या. सैल? हा घ्या. क्लबच्या सेक्रेटरीने वार्षिक सभेत माझ्यासमोर सांगितले, "आता मिस्त्रींना त्रास द्यायची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटले, मला विश्रांती मिळाल्याचा त्यांना आनंद झाला आहे, असे मला वाटेल. सोय चांगली आहे हे मी त्या दिवशीही जाणून होतो. टाळ्या मात्र मी विसरलो नाही आणि विसरण्याचा विचारही नाही.

कलम ५. धाकट्या भावाला माझ्या मालमत्तेतले काहीही, खिळासुद्धा, देऊ नये. हा इसम पूर्वी काडतुसे भरून विकत असे. बावीस वर्षांपूर्वी निवड स्पर्धेच्या अंतिम फेरीत माझ्या मुलीने त्याने भरलेली काडतुसे वापरली. आडव्या तबकड्यांपैकी चार निसटल्या. दोन कमी पडल्या म्हणून ती संघात गेली नाही, आणि पुन्हा तिने बंदूक हातात धरली नाही. त्या दिवसापासून या घराचे दार त्याला बंद आहे.

(हे कलम मी महिन्यापूर्वी लिहिले. खोडत नाही. बावीस वर्षे ज्याला त्याला हेच सांगत होतो, तेव्हा कागदावरही राहू दे. त्याचे काय करायचे ते कलम ८ मध्ये पाहावे.)

कलम ६. माळ्यावर कागदांचे नऊ गठ्ठे आहेत. चोक किती आवळला आहे हे पाहायला चाळीस पावलांवर मोठा कागद टांगून त्यावर एक बार काढतात, मग पाऊण मीटरचे वर्तुळ आखून आतली भोके मोजतात. शंभरातली सत्तर आत तर नळी आवळ, पंचावन्नच्या आसपास तर सैल. ही भोके माझी बायको मोजत असे. एकेका भोकाला पेन्सिलीचा ठिपका, दहाला एक रेघ, कोपऱ्यात आकडा. तीस वर्षांत तिचा आकडा मी दोनदा ताडून पाहिला आणि दोन्ही वेळा चूक माझी निघाली. लोक म्हणायचे, मिस्त्रीचा हात म्हणजे हात. हात माझा होता, पण कुठे थांबायचे हे ती सांगत असे. "अहो, बास आता, आणखी काढलंत तर पसरेल," असे ती म्हणाली की मी पोलाद काढायचा रीमर खाली ठेवत असे. हे मी तिच्या हयातीत कोणाला सांगितले नाही. गठ्ठे मुलीला द्यावेत. सगळ्यात वरचा सुटा कागद तिने आधी पाहावा. कोपऱ्यात बहात्तर हा आकडा आहे.

कलम ७. बंदूक.

हिच्यासाठी मी वकीलबाईंकडे गेलो, नाहीतर घर काय, मुलीला असेही मिळालेच असते. बाई म्हणाल्या, "मिस्त्री, वर्णन नीट लिहा. नंबर, लांबी, बोअर, चोक, सगळं. परवान्याच्या कार्यालयात जुळवून बघतात. चुकलं तर बंदूक मुलीच्या नावावर व्हायची नाही."

घरी येऊन मी लिहायला बसलो. बारा बोअर, दोन नळ्या एकीवर एक, लांबी पंचाहत्तर सेंटिमीटर. नळ्या मी मुलीसाठी केल्या, तिच्या एकोणिसाव्या वर्षी, सात महिने घालवून. वरची नळी, खूण एक चांदणी, म्हणजे पूर्ण आवळ, एक मिलिमीटर. खालची नळी, खूण चार चांदण्या, म्हणजे सैल, पाव मिलिमीटर.

एवढे लिहिले आणि पेन खाली ठेवले. उभ्या जन्मात न मोजता मी माप लिहिलेले नाही, एक वेळ सोडून. म्हणून उठून गेज घेतले आणि खालची नळी मोजली. आत साडेअठरा मिलिमीटर, तोंडाशी साडेसतरा. चोक एक मिलिमीटर. पूर्ण आवळ. ते मला माहीत होतेच.

आता नीट सांगतो. दस्तऐवजात खोटे वर्णन चालत नाही.

निवड स्पर्धेला आठवडा असताना मुलगी मैदान पाहून आली. म्हणाली, "बाबा, पहिली तबकडी जवळून आडवी जाते हो, वीस मीटरवर. खालची नळी सैल करून द्या, पाव ठेवा." मी विचारले, हे तुला कोणी शिकवले? म्हणाली, "मला वाटतच होतं, काकांनाही विचारलं. तेही पावच म्हणाले."

तिथे माझे डोके फिरले. तिने मला विचारायच्या आधी त्याला विचारले होते. माझी पोर, माझी नळी, आणि सल्ला काडतुसे भरणाऱ्याचा! त्या नळ्यांसारख्या नळ्या मी त्याआधी केल्या नव्हत्या आणि पुढेही झाल्या नाहीत. त्यांच्या तोंडातून पाऊण मिलिमीटर पोलाद काढायचे, तेही त्याच्या सांगण्यावरून, हे माझ्याच्याने होईना. माझे म्हणणे होते, नेम असला की सैल नळीचे लाड लागत नाहीत. मी तिला म्हटले, करून देतो. आणि काय केले? पोलादाला हात लावला नाही. पंच घेतला, आणि एका चांदणीशेजारी आणखी तीन ठोकल्या.

बेत असा होता की ती जिंकणार. मग जेवायला सगळे बसले की मी सांगणार, "पोरी, ती नळी मी सैल केलीच नव्हती, तू आवळ नळीने जिंकलीस." आणि भावाचा चेहरा पाहणार. एवढ्यासाठी. चार जणांसमोर त्याला तोंडघशी पाडण्यासाठी.

तिला सरावाला चार दिवस मिळाले, आणि आमच्या मैदानावर सगळ्या तबकड्या लांबच्या. तिला कळायला काही मार्गच नव्हता.

अंतिम फेरीत मी तिच्या मागे दहा पावलांवर उभा होतो. चारही वेळा नेम बरोबर होता, मी शपथेवर लिहितो. बंदूक सरळ फिरली, बार वेळेवर निघाला, आणि तबकडी चारही वेळा अखंड पलीकडे गवतात जाऊन पडली. चाकाएवढ्या पसाऱ्यात त्यातल्या निदान तीन फुटल्या असत्या. बाहेर येऊन ती म्हणाली, "बाबा, मी बरोबरच होते हो. फुटायला हव्या होत्या." तिच्या हातात चौथ्या हुकलेल्या बाराचे रिकामे काडतूस होते.

त्या वेळी एक वाक्य बोललो असतो तर पुढचे काही झाले नसते. मी ते रिकामे काडतूस तिच्या हातातून घेतले, सगळ्यांसमोर वर धरले आणि म्हणालो, "काकाची काडतुसं ना ही?"

मग पेटीतली उरलेली दोन फोडून दाखवली. छर्रे बोटांनी दाबून म्हटले, मऊ आहेत, वाकडे उडतात. ते मऊ नव्हते. पण माझे नाव एवढे मोठे होते की कोणी आपल्या बोटांनी दाबून पाहिले नाहीत. भाऊ गर्दीतून पुढे आला. म्हणाला, "दादा, काडतुसं मीच भरलीत, एकेक तोलून भरलीत. मला नळी मोजू दे." मी म्हणालो, "माझ्या नळीला हात लावायचा नाही." त्याच्या डोळ्यांत मी पाहिले, त्याला तेव्हाच संशय आला होता. तो वळून चालता झाला. महिन्याभरात त्याची गिऱ्हाइके तुटली, वर्षात दुकान बंद झाले. तेव्हापासून तो पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मुलीने त्याच्याशी बोलणे टाकले. तिच्या लग्नाला त्याला बोलावले नाही. काकाने फुकट म्हणून टाकाऊ माल दिला, असे तिला वाटत राहिले, आणि तसे वाटेल याची काळजी मी डोळ्यांत तेल घालून घेतली.

स्पर्धेनंतर आठ दिवसांनी मी कागद टांगून त्या नळीचा बार काढला. का काढला कोणास ठाऊक. बायकोने सवयीने मोजला, कोपऱ्यात बहात्तर लिहिले, मग नळीवरच्या चार चांदण्या पाहिल्या. "ही सैल नाही," ती म्हणाली. मी म्हणालो, "गप्प बस." ती गप्प बसली. त्यानंतर नऊ वर्षे जगली, घर केले, माझी दुखणीखुपणी काढली, पण माझ्यासाठी एकही कागद पुन्हा मोजला नाही. गिऱ्हाइकांना वाटले, बाईंची नजर गेली. मीही तसेच सांगितले.

सबब, बंदुकीचे खरे वर्णन असे: दोन्ही नळ्या पूर्ण आवळ. खालच्या नळीवरच्या डावीकडून दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या चांदण्या खोट्या असून त्या मी ठोकल्या आहेत. ही बंदूक मुलीला द्यावी. तिला नको असल्यास तिने ती मोडीत घालावी, विकू नये. ती खूण पाहून आणखी कोणी फसायला नको.

कलम ८. कलम ५ रद्द. माझे सगळे रीमर, गेज, पंच आणि घासण्याचे दगड धाकट्या भावाला द्यावेत. ही हत्यारे मी चाळीस वर्षांत कोणाला उसनी दिलेली नाहीत. दुकान परत देता येत नाही. हत्यारे देता येतात म्हणून देतो, यात मोठेपणा काही नाही.

कलम ९. हे कलम आज सकाळी, साक्षीदार समोर असताना लिहीत आहे.

एक साक्षीदार दातांचे डॉक्टर होतेच, दुसरा म्हणून मी भावाला बोलावले होते. स्वतः नाही, वकीलबाईंनी फोन केला. मला गेज वाचता येणारा माणूस हवा होता, आणि खरे सांगायचे तर मी मेल्यावर त्याला हे दुसऱ्याकडून कळावे, एवढे नीच व्हायची हिंमत होईना. तो आला. बाहीला पंपाचे ग्रीस होते. बसला नाही. आधी बंदूक मागितली, गेज घातले, उजेडाकडे धरून वाचले. "एक मिलिमीटर," म्हणाला. मग कलम ५ पासून ८ पर्यंत उभ्यानेच वाचले.

"पोरीला कधी सांगणार?" त्याने विचारले.

"मी गेल्यावर ती वाचेलच की."

"वा, दादा! म्हणजे तू सुटलास. आणि तिनं भांडायचं कुणाशी? या कागदाशी?"

मी म्हणालो, ती आता कामावर असेल.

"फोन लाव."

लावला. तिने नेहमीप्रमाणे विचारले, "बाबा, बरं आहे ना?" मी म्हणालो, काका आला आहे, तू रविवारी येशील का, बोलायचे आहे. ती म्हणाली, "काका असतील तर मी नाही येणार. तुम्हाला माहीत आहे."

मला माहीत नसेल तर कोणाला असणार? मग उभ्याउभ्या सांगून टाकले. "खालची नळी मी सैल केली नव्हती. चांदण्या नुसत्या ठोकल्या. काकाची काडतुसं चांगली होती. तू बरोबर मारत होतीस." यापेक्षा जास्त शब्द सुचले नाहीत. तिकडे मागे यंत्राचा आवाज येत होता, तो बंद झाला. मी दोनदा हॅलो म्हटले.

ती म्हणाली, "काकांना द्या फोन."

मी दिला. भाऊ माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. "हं... हो गं... नाही, नाही, मी कशाला रागावू... अगं, लहान होतीस तू... ऐक, आधी पाणी पी." मग तो फोन घेऊन पायऱ्यांवर गेला. आम्ही तिघे, मी, वकीलबाई आणि दातांचे डॉक्टर, बाकड्याभोवती बसून राहिलो. डॉक्टरांनी माझे एक गेज उचलले आणि परत ठेवले. वकीलबाई कागद सारखे करत राहिल्या.

बऱ्याच वेळाने भाऊ आत आला. फोन बंद करून त्याने बाकड्यावर ठेवला. मी विचारले, "माझ्याशी बोलायचं म्हणाली का?"

"नाही."

"काही निरोप?"

"नाही, दादा."

वकीलबाईंनी त्याला समजावले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. सही केली तर कलम ८ मधली हत्यारे जातील. शेजारचा शिंपी बोलावू, तो सही करेल, तुम्ही हत्यारे घ्या. भाऊ म्हणाला, "पेन द्या इकडे."

सबब, कलम ८ मधली हत्यारे लेथबरोबर तंत्रशाळेला जातील. कलम ७ आहे तसे राहील. मुलगी बंदूक घेईल की मोडेल, रविवारी येईल की येणार नाही, आली तर माझ्याकडे येईल की काकाकडे, हे मी विचारलेले नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, कोणाच्याही धाकाशिवाय खाली सही करत आहे. दोन्ही साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, आणि त्यांनी सह्या केलेल्या मी पाहिल्या.

ठिकाण: कारखान्यातले लांब बाकडे
तारीख: ११ फेब्रुवारी, सकाळी साडेअकरा

लिहून ठेवणार: (सही) मिस्त्री

साक्षीदार १: (सही) दातांचे डॉक्टर. लिहिणारा शुद्धीवर होता. त्याच्या जागी मी असतो तर राहिलो नसतो.

साक्षीदार २: (सही) लिहिणाऱ्याचा धाकटा भाऊ, धंदा पंप दुरुस्ती. नळी मी स्वतः मोजली. वर लिहिलेले माप बरोबर आहे.